मेक्सिकोत ओल्मेक संस्कृती (आखाती किनाऱ्यावरची प्राचीन संस्कृती) पाहायला एकच दिवस असेल तर कोणत्या संग्रहालयात जावं?

डोळे झाकून हालापाला जा, तिथल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात. मेक्सिको सिटीहून बसने साधारण पाच तास लागतात, पण आजवर सापडलेल्या १७ महाकाय दगडी ओल्मेक शिरांपैकी ७ इथेच आहेत. सान लोरेन्सो या ओल्मेक स्थळावरचं पहिलं शिर सुमारे २.८ मीटर उंच आहे. समोरून फोटो काढून निघू नका, बाजूला उभं राहून पाहा: चपटं नाक, जाड ओठ, घट्ट बसवलेलं शिरस्त्राण. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, त्यामुळे ही खऱ्या राजांची शिरं असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. या शिरांचा बेसॉल्ट दगड तुश्तलाच्या डोंगरांतून आणलेला, तोही चाकाची गाडी किंवा ओढायला जनावर नसताना!

आणि लास लिमासची हिरव्या दगडाची मूर्ती चुकवू नका. मांडी घालून बसलेला तरुण, हातांवर निपचित बाळ. खांद्यांवर आणि गुडघ्यांवर बारीक रेषांनी चार देवतांचे चेहरे कोरलेत, ते वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. १९६५ साली ती गावातल्या मुलांना सापडली होती. माझं मन तिथेच सर्वांत जास्त रमलं.

सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. हाताशी आणखी एक दिवस निघाला तर व्हियाएर्मोसाचं ला व्हेंता उद्यानही करा, तिथे ओल्मेक शिल्पं झाडीत मांडली आहेत.