आईची पॉलिसी आणि टोयोटाचा हप्ता

प्रश्न : वय ४१, राहणार छत्रपती संभाजीनगर. वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. हातात १ लाख ३० हजार पडतात, पत्नी शाळेत शिकवते, तिला ३० हजार. घरकर्ज २४ लाख बाकी, हप्ता ३१ हजार. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घ्यायची आहे, ऑन-रोड ३२ लाख. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये ३ लाख आणि म्युच्युअल फंडातले ५ लाख भरणार, बाकी २४ लाख कर्ज. डीलरने बलून स्कीम दिली आहे : पाच वर्षं ३४ हजारांचा हप्ता, शेवटी एकरकमी १२ लाख. ते १२ लाख आईच्या नावे बँकेत घेतलेल्या योजनेतून येतील. ती एफडीसारखीच आहे, वर्षाला ३ लाख, दोन हप्ते भरलेत, पाच वर्षांत १५ चे २५ होतात. शेवटी घरचाच पैसा आहे. टोयोटाची रीसेल बघता ही गाडी म्हणजे गुंतवणूकच. शिवाय टोयोटाचा कारखाना बिडकीनला येतोय, तिकडे गेलो तर पगार वाढेलच. प्रश्न एवढाच, हायब्रिड घेऊ की साधी पेट्रोल? वापर वर्षाला १० हजार किलोमीटर.

उत्तर : आधी तुमचा प्रश्न संपवू. कंपनीच्या आकड्यांनुसार हायब्रिड लिटरला २३ किलोमीटर देते आणि साधी पेट्रोल १६. दहा हजार किलोमीटरला फरक पडतो १९० लिटरचा, म्हणजे वीस हजार रुपये. रस्त्यावर दोन्हींचं ॲव्हरेज घसरतं आणि फरक वाढतो, म्हणून वर्षाला ३० हजार वाचतात असं धरू. तुम्ही पाठवलेल्या दोन कोटेशनमध्ये तफावत ७ लाखांची आहे. ती वसूल व्हायला तेवीस वर्षं लागतील. तेव्हा साधी पेट्रोल. पण तीही आत्ता घेऊ नका. का, ते सांगतो.

टोयोटाच्या कौतुकात तुमची दोन पानं खर्ची पडली आहेत आणि त्यातलं बहुतेक सगळं बरोबर आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा पोरगा. त्याने आणि त्याच्या मुलाने, किइचिरोने, १९२४ साली असा माग तयार केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी १ लाख पौंडांना घेतले. किइचिरोने १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. मागाची ती थांबायची सवय पुढे असेंब्ली लाइनवर आली : कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची, दोष जागीच सुटला नाही तर लाइन बंद. वाळूजवाल्याला हे मी काय सांगणार, तुमच्या शॉपमध्ये कानबान (लागेल तेवढाच माल मागवायची पद्धत) आणि पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना) यांचे फलक लागलेले असतील.

पण १९५० सालाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. युद्धानंतरच्या चलनटंचाईत टोयोटाने गाड्या विकल्या, पण विकलेल्या गाड्यांचे पैसे वसूल होईनात. कंपनी बुडायच्या बेतात आली. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने मध्यस्थी करून बँकांचा गट उभा केला, पण अटी कडक होत्या. विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि माणसं कमी करा. दोन महिने संप चालला, दोन हजारांहून अधिक लोक घरी गेले आणि ज्याने कंपनी उभी केली त्या किइचिरोलाही राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रकच्या ऑर्डरी दिल्या आणि कंपनी तरली. किइचिरोच्या जागी आलेला ताइझो इशिदा काटकसरीसाठी प्रसिद्ध होता. आपला किल्ला आपणच राखायचा, बँकेच्या भरवशावर राहायचं नाही, हा त्याचा खाक्या. पुढे कंपनीकडे एवढी रोकड साठली की जपानमध्ये लोक तिला ‘टोयोटा बँक’ म्हणू लागले. (गाड्या घेणाऱ्यांना कर्ज वाटणारी कंपनी टोयोटाचीही आहे. ते तुमच्यासारख्यांसाठी.)

या नावाला डागही लागले आहेत. २००९-१० मध्ये आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली आणि २०१४ मध्ये कंपनीने त्या प्रकरणात १२० कोटी डॉलर भरले. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजने, म्हणजे त्याच जुन्या मागांच्या कंपनीने, डिझेल इंजिनांच्या चाचणीत गैरप्रकार झाल्याची कबुली दिली. तेव्हा आपल्याकडेही डिझेलवरच्या इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर काही दिवस डीलरकडे पाठवणं थांबलं होतं. म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण ‘टोयोटा म्हणजे डोळे मिटून’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही.

आता रीसेल. २००० साली आलेली क्वालिस, २००५ मध्ये तिच्या जागी आलेली इनोव्हा, मग क्रिस्टा. वेरूळ-शिर्डी-शिंगणापूर करणाऱ्या कुठल्याही टूरवाल्याला विचारा, तो डिझेल इनोव्हाचं लाखांतलं रीडिंग अभिमानाने दाखवेल. रीसेल या माणसाने बनवली आहे. तुम्ही घेताय ती हायक्रॉस ते यंत्रच नाही. क्रिस्टा लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या सांगाड्यावर उभी, डिझेल, मागच्या चाकांना जोर. हायक्रॉस पेट्रोल, पुढच्या चाकांना जोर, शिवाय बॅटरी. बाजारात आली २०२२ च्या अखेरीस. सात वर्षं वापरलेली हायक्रॉस अजून कुणी विकलेलीच नाही, मग तिची रीसेल तुम्ही कुठून काढलीत? बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. ती संपत आली की गिऱ्हाईक भाव पाडणारच.

तरी तुमच्या बाजूने हिशेब करू. सात वर्षांनी साडेचौदा लाख मिळाले. (ऑन-रोडमधला साडेचार लाखांचा आरटीओ कर आणि विमा कुणी परत देत नाही, हे लक्षात असू द्या.) घसारा साडेसतरा, कर्जाचं व्याज साडेआठ, एकूण २६ लाख. सत्तर हजार किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला ३७ रुपये, आणि यात पेट्रोल, सर्व्हिसिंग, दरवर्षीचा विमा धरलेलाच नाही. गुंतवणूक म्हणे.

बिडकीनबद्दल एकच. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार झाला. तुमच्यात आणि टोयोटात काहीही झालेलं नाही. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत तो पगार हिशेबात धरू नका.

आता ज्या ओळीमुळे हे पत्र मी उत्तरासाठी निवडलं तिच्याकडे येतो. ‘आईच्या नावे एफडीसारखी योजना.’ तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय हे फार बरं केलंत. तुम्ही स्वतः ते पान वाचलेलं दिसत नाही. हे युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातला फंड एकत्र बांधलेलं गाठोडं. पैसे भरणार तुमच्या आई, वय ६६, उत्पन्न १७ हजारांचं कुटुंब निवृत्तिवेतन. हप्ते भरण्याची मुदत : १० वर्षं. पाच नाही, दहा. आणि विमा कुणाचा? तुमच्या बारा वर्षांच्या मुलीचा, ३० लाखांचा. आजीचं वय जास्त, तिच्या नावावर विम्याचा आकार, म्हणजे शुल्क, भारी पडतो, म्हणून नातीचं नाव घालायचं ही बँकांमधली जुनी युक्ती आहे. घरात कमावणारे तुम्ही, आणि तुमच्यावर एका जुन्या पॉलिसीचं १० लाखांचं कवच.

दुसऱ्या फोटोत पॉलिसीचं पाकीट आहे. त्यावर निळ्या पेनाने ‘१५ → २५, करमुक्त’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. सही नाही, शिक्का नाही. वर्षाला तीन लाख भरून पाच वर्षांत २५ व्हायचे तर सगळे आकार वजा जाऊन १७ टक्क्यांच्या वर परतावा पडायला हवा, तोही दरवर्षी. त्याच पॉलिसीसोबत आलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये (पुढे किती मिळू शकेल याच्या तक्त्यात) ४ आणि ८ टक्के असे दोनच दर असतात, कारण नियम तसा आहे. ८ टक्क्यांनी १५ चे १९ होतात, आकार वजा जाता १८ धरा. बाजार पडलेला असेल तर पंधराही नाहीत. करमुक्त म्हणाल तर फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता तीन लाखांचा. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

आता हे सगळं आईंच्या बाजूने मांडा. वडिलांच्या निवृत्तीचे १८ लाख एफडीत होते. दोन हप्ते गेले, राहिले १२. अजून तीन हप्ते भरले की उरतील ३. पाच वर्षांनी युलिपचे १८ आले, त्यातले १२ तुमच्या बलूनला गेले, राहिले ६. तीन आणि सहा नऊ. अठराचे नऊ झाले, आईंचं वय सत्तरीच्या वर, आणि दारात पाच वर्षं जुनी गाडी. त्यांना हे कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात ‘घरचाच पैसा’ असं आहे. पैसा त्यांचा आहे.

धागा दोन वर्षांपूर्वीच तुटलाय आणि तुमचा माग चालूच आहे. तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे, तो भरू नका. दोन हप्त्यांनंतर बंद केलं तर एवढ्या हप्त्याच्या पॉलिसीला बंद करण्याचा आकार जास्तीत जास्त ४ हजार रुपये आहे. बँकेतला माणूस ‘सगळे पैसे बुडतील’ असं सांगेल, ते खोटं आहे. जमा रक्कम वेगळ्या फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पैसे काढता न येण्याची पहिली पाच वर्षं संपल्यावर ती हातात येते. फार नाही मिळणार, पण उरलेले १२ लाख तरी वाचतील. त्यांची एफडी मोडून पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास पडतात, दर तिमाहीला खात्यात. १७ हजारांच्या पेन्शनवर हा आधार मोठा आहे.

सोबत तक्रार करा. हप्ता थांबवणं वेगळं आणि फसवून विकलं म्हणून पूर्ण पैसे परत मागणं वेगळं. आईंच्या सहीने आधी विमा कंपनीला लेखी कळवा : एफडी म्हणून विकलं, मुदत पाच वर्षं सांगितली, पाकिटावरच्या मजकुराचा फोटो सोबत. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा फेटाळलं, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण ६६ वर्षांच्या पेन्शनर बाईला दहा वर्षं दरसाल तीन लाख भरायला लावणारा कागद लोकपालांपुढे बचाव करायला सोपा नसतो.

तुमच्यासाठी दीड कोटींचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, साठीपर्यंत. प्रकृती ठीक आणि धूम्रपान नसेल तर वर्षाला पंचवीस-तीस हजार. आज तुमच्यावर २४ लाखांचं कर्ज आहे, हायक्रॉस घेतली की ४८, आणि कवच १० लाखांचं. पत्नीच्या ३० हजारांत घराचा हप्ता गेला तर शून्याखाली हजार रुपये उरतात. आईंचा आरोग्यविमाही वेगळा काढा. आत्ता त्या तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहेत आणि तुम्ही नोकरी बदलायची स्वप्नं बघताय.

गाडीचं म्हणाल तर तुमची सेडान आठ वर्षांची, ६० हजार किलोमीटर चाललेली आहे. नवे टायर, सस्पेन्शनचं काम, बॅटरी, सगळं मिळून साठ-सत्तर हजार खर्च करा आणि तीन वर्षं चालवा. बलूनला देणार होतात त्या ३४ हजारांतले २५ दरमहा बाजूला टाका, तीन वर्षांत ९ लाख होतात. म्युच्युअल फंडातले ५ आहेतच, त्यांना हात लावू नका. सात सीट लागतातच आणि टोयोटाचं चिन्ह हवंच असेल तर रुमियन बघा. ती मारुतीची अर्टिगाच आहे, दर्शनी भाग आणि चिन्ह तेवढं वेगळं, किंमत तुमच्या हायक्रॉसच्या निम्म्याच्याही आत. जुनी क्रिस्टा शोधायला जाल तर तीच नावाजलेली रीसेल घेणाऱ्याला महागात पडते.

डीलरकडे बुकिंगचे ५० हजार भरलेत, ते परत मागा, पावतीवरच्या अटी आजच वाचा. आणि बेनिफिट इलस्ट्रेशनची झेरॉक्स मला पाठवा. तो मजकूर इंग्रजीत असेल. आईंची सही मराठीत असेल तर खाली ‘मजकूर समजावून सांगितला’ असं प्रमाणपत्र लागतं. त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा, तक्रारीत तेच लागेल.