कॉलऱ्याचा जिवाणू साथीनंतर जातो कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : साथ ओसरल्यावर नदीच्या पाण्याचे नमुने तपासले तर कॉलऱ्याचा जिवाणू सापडत नाही. पुढच्या हंगामात मात्र साथ त्याच भागात पुन्हा डोके वर काढते. मधल्या काळात तो असतो कुठे?

तिथेच असतो. व्हिब्रिओ कॉलरी हा मूळचा पाण्यातला जिवाणू; माणसाच्या आतड्यातला त्याचा मुक्काम काही दिवसांचाच. नदी समुद्राला मिळते तिथले कोमट, निमखारे पाणी त्याला फार मानवते. तिथेही तो बराचसा कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, की झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतात. त्यांतले बरेचसे हेच. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. त्यांचे कवच काइटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते आणि काइटिन पचवणारी विकरे या जिवाणूकडे आहेत. राहायची जागा आणि अन्न दोन्ही एकाच ठिकाणी. शिवाय काइटिनवर वाढताना तो भोवतालच्या पाण्यातला परका डीएनए आत ओढून घेऊ शकतो, हे २००५ साली दाखवले गेले. म्हणजे नवे गुण त्याला पाण्यातच, रुग्णाच्या पोटाबाहेरही मिळू शकतात. या शोधाचे महत्त्व आम्हाला फार मोठे वाटते.

आता नमुना कोरा का येतो ते पाहू. पाणी थंड झाले किंवा अन्न तुटले, की स्वल्पविरामासारखा वाकडा असलेला हा जिवाणू आक्रसून गोल होतो. जिवंत असतो, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढत नाही. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अवस्था १९८२ मध्ये मांडली. तेव्हा ‘वाढला नाही’ याचा अर्थ ‘पाण्यात नाही’ असा घेऊ नये. अशा नमुन्यात चमकणारी प्रतिपिंडे वापरून सूक्ष्मदर्शकाखाली शोध घ्यावा किंवा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) करावी. पीसीआर मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पकडते, म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये.

नमुना घेतानाच पुष्कळदा चूक होते. बाटली बुडवून वरचे नितळ पाणी घेतले, तर चिकटलेले जिवाणू निसटतात. ६४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीतून पुष्कळ पाणी गाळावे, जाळीवरचे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खलात घोटावे आणि मग ते वाढीच्या माध्यमात घालावे.

प्रश्न : मग पाणी कापडाने गाळून काही उपयोग होतो का?

होतो, अर्धामुर्धा. बांगलादेशातल्या ६५ खेड्यांत हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी सुती साडी चार ते आठ पदरी करून पाणी गाळणाऱ्यांमध्ये कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. जुनीच साडी का? वारंवार धुतल्याने सुताचे तंतू पिंजतात आणि विणीतली भोके लहान होतात. घडी घातली की ती साधारण २० मायक्रॉनवर येतात, आणि कोपेपॉड वरच अडकतात. कापड दर वेळी धुऊन कडक उन्हात वाळवायला हवे.

पण सुटा जिवाणू दोन-तीन मायक्रॉनचा. तो या कापडातून आरपार जातो. घरात किंवा शेजारी रुग्ण असेल, तर गाळण्यावर थांबू नका. पाणी उकळा किंवा क्लोरिन घाला.

प्रश्न : सगळेच व्हिब्रिओ कॉलरी आजार घडवतात का?

नाही. त्यांचे, बाह्य आवरणातल्या फरकांवरून पाडलेले, दोनशेहून अधिक ‘ओ’ गट आहेत, पण मोठ्या साथी फक्त ओ१ आणि ओ१३९ या दोनच गटांनी आणल्या आहेत. खरे कारण विषाचे. कॉलऱ्याचे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दाखवून दिले. त्या विषाची जनुके जिवाणूकडे एका विषाणूमार्फत येतात, हे १९९६ मध्ये कळले.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत टीसीबीएस (व्हिब्रिओ वाढवायचे खास माध्यम) प्लेटवर छान पिवळ्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, आल्या, पण ऑक्सिडेज चाचणी (या विकरामुळे रंग उमटतो का ते पाहणारी) निगेटिव्ह निघाली. असे का?

चाचणी बहुधा थेट त्या पिवळ्या कॉलनीवर झाली असावी. माध्यमातली साखर (सुक्रोज) आंबल्याने आम्ल तयार होते आणि त्यानेच कॉलनी पिवळी दिसते. तेच आम्ल ऑक्सिडेजचा रंग उमटू देत नाही. कॉलनी आधी न्यूट्रिएंट अगार या साध्या माध्यमावर ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर वाढवा आणि मग चाचणी करा. लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) प्लॅटिनमची घ्या किंवा लाकडी काडी वापरा. निक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) लूपने खोटा पॉझिटिव्ह येतो. टीसीबीएसचा रंग प्लेट इनक्युबेटरमधून काढताच लिहून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्लेटवरची पिवळी कॉलनी हिरवी पडू शकते.

आधीच्या पायरीकडेही लक्ष द्या. प्लेटवर घेण्याआधी नमुना ज्यात उबवतात त्या अल्कलाइन पेप्टोन वॉटरचा पीएच ८.४ ते ८.६ हवा आणि उबवण ६ ते ८ तासांचीच. त्याहून जास्त ठेवले तर इतर जिवाणू वरचढ होतात. नळी न हलवता लूप अगदी वरच्या पापुद्र्यातून भरा, कारण प्राणवायूसाठी व्हिब्रिओ पृष्ठभागाशी गोळा होतात.

झटपट पडताळणीसाठी काचपट्टीवर ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटचा थेंब घ्या आणि अगारवरची ताजी वाढ त्यात कालवा. मिनिटभरात मिश्रण दाट होते, आणि लूप हळूच उचलली की दोन-तीन सेंटिमीटरची चिकट तार ओढली जाते. तार आली नाही तर ओ१ किंवा ओ१३९ असण्याची शक्यता फारच कमी. आली, तरी निदान पक्के करायला या दोन गटांचे अँटिसीरम (त्या-त्या गटाला चिकटणारी प्रतिपिंडे असलेला द्रव) लावावेच लागते.

प्रश्न : जठरातल्या आम्लाने हे जिवाणू मरतात म्हणतात. मग घरातल्या एकाला कॉलरा झाला की बाकीचे इतक्या लवकर कसे आजारी पडतात?

आम्ल मारते खरे. निरोगी स्वयंसेवकांना साध्या पाण्यातून दहा कोटींहून अधिक जिवाणू दिले तेव्हा आजार झाला. आधी सोडा देऊन आम्ल मारले, तेव्हा दहा हजार ते दहा लाख पुरले. आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त असतो तो यामुळेच.

घरातली गोष्ट आणखी वेगळी आहे. पेजेसारख्या पांढुरक्या जुलाबाच्या एका मिलिलिटरमध्ये कोटीच्या घरात जिवाणू असतात, आणि गंभीर रुग्ण दिवसाला दहा लिटरहून जास्त द्रव गमावू शकतो. त्यातही नुकताच बाहेर पडलेला जिवाणू जास्त धोकादायक असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूपेक्षा त्याची कितीतरी कमी मात्रा संसर्गाला पुरली, आणि हा जोर पाण्यात काही तास टिकला. घरातले हात, पेले, पाण्याचा माठ याच काही तासांत एकमेकांना लागत असतात.

म्हणून रुग्णाची भांडी आणि कपडे लगेच वेगळे करा आणि हात दर वेळी साबणाने धुवा. पिण्याचे पाणी अरुंद तोंडाच्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्यात हात बुडणार नाही. क्लोरिन टाकल्यावर किमान ३० मिनिटे थांबा. तेव्हा पाण्यात दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरायला हवा. पाणी गढूळ असेल तर गाळातच क्लोरिन खर्ची पडतो आणि मात्रा बरोबर मोजूनही पाणी निर्धोक होत नाही. म्हणून आधी पाणी निवळू द्या, गाळा, आणि मगच क्लोरिन घाला.