चावला, की वही बंद होते

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, मोठ्या शिशूत आहे. गृहपाठाला बसवलं की पेन्सिल फेकतो, वही चुरगाळतो. परवा तर माझ्या दंडाला कडकडून चावला. मी त्याला कोपऱ्यात उभं करते, तरी वाढतंच आहे. रविवार कारंजावर खरेदीला गेलं की रस्त्यात लोळण घेतो, फुगा घेतल्याशिवाय उठत नाही. सासूबाई म्हणतात लाडाने बिघडला, मिस्टर म्हणतात दोन ठेवून दे. काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'कोपऱ्यात उभं करते' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तो कोपऱ्यात असतो तेव्हा वही कुठे असते? मिटलेली. म्हणजे ती शिक्षा तुमच्या लेखी. त्याच्या लेखी सुटका. चावलं की लिहावं लागत नाही, हे तो पक्कं शिकलाय.

कारंजावरची गोष्ट वेगळी. तिथे त्याला काही टाळायचं नाही, मिळवायचं आहे. एकच पोरगा, आदळआपट तीच, कारणं दोन; म्हणून दोन्हीकडे एकच औषध चालणार नाही. 1982 साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणारी नऊ मुलं वेगवेगळ्या परिस्थितीत बघितली. कुणाचं वागणं काम सांगितल्यावर वाढायचं, कुणाचं लक्ष मिळवायला, कुणी एकटं असतानाही तेच करायचं.

मीही यात फसले आहे. गंगापूर रोडच्या माझ्या खोलीत एक सहा वर्षांची मुलगी यायची, डोकं भिंतीवर आपटायची. लक्ष वेधतेय असं धरून मी दोन आठवडे तिच्याकडे काणाडोळा केला. शेवटी तिची आजी म्हणाली, "अहो, ही डाव्या कुशीवर झोपतच नाही." कान सुजला होता! तेव्हापासून मी कान, दात, पोट, झोप आधी विचारते. तुम्हीही डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या.

मग आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखा : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. 'चिडला' असं लिहू नका. 'पाच ओळी लिही म्हटलं, तिसऱ्या ओळीला पेन्सिल फेकली' असं लिहा. बाईंना विचारा, शाळेत लिहितानाही असंच होतं का? पाच वर्षांच्या बोटांना पानभर 'क' गिरवणं जड जातं, हे मोठ्यांच्या लक्षात राहत नाही.

सध्या दोनच अक्षरं द्या. तो शांत असताना 'आई, थांबू?' म्हणायला शिकवा, आणि म्हणाला की लगेच थांबू द्या. हो, लगेच, सासूबाईंना ते लाड वाटतील, वाटू देत. चावला मात्र, तर रागवायचं नाही, कोपरा नाही. राहिलेलं एक अक्षर त्याचा हात धरून पुरं करायचं, मगच उठायचं. फुग्याचं घरून निघतानाच ठरवा : आज घ्यायचा की नाही. नाही म्हटलं आणि लोळला, तर त्या दिवशी फुगा नाहीच.

जुनी युक्ती चालेनाशी झाली की तो आधी ती जोरात करून बघेल. ते चार-आठ दिवस मिस्टरांना आवरा, आणि लिहायला बसवताना जाड, लांब बाह्यांचा कुर्ता घाला.