शंका-समाधान : शाळेची संगणक खोली आणि लिनक्स

प्रश्न : आमच्या शाळेत २० संगणक आहेत. तिसऱ्या पिढीचे कोअर आय-३, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज ११ त्यावर चढत नाही. लिनक्स टाकायचं ठरलं तर सुरुवात कुठून करावी?
— मुख्याध्यापिका, हडपसर

उत्तर : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तुमच्या यंत्रांचा तो रस्ता बंद आहे. पण म्हणून ती भंगारात काढू नका. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली आहे. तिच्यातल्या ‘मिंट २२’ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

थोडे पैसे हाताशी असतील तर आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या. या वयाच्या संगणकात रखडते ती हार्डडिस्क, प्रोसेसर नव्हे. पुण्याच्या तपकीर गल्लीत २४० जीबीची साटा एसएसडी सहज मिळेल. रॅम वाढवायची असेल तर डीडीआर-३ च मागा. डीडीआर-४ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही.

आधी एकच संगणक हाती घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचर किंवा रुफस या प्रोग्रामने मिंटची फाइल चढवा आणि काहीही न बसवता त्यावरूनच संगणक सुरू करा. आवाज, नेट, प्रोजेक्टर, प्रिंटर एवढं तिथेच तपासा. बसवताना डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटाची पद्धत ‘रेड’वर असते, ती ‘एएचसीआय’वर आणा. (जुनं विंडोज सोबत ठेवणार असाल तर हा बदल करण्याआधी विचारा, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही.)

हा एक संगणक पूर्ण सजवा : मराठी कळफलक, लिबरऑफिस, जीकॉम्प्रिस, जिओजेब्रा, स्क्रॅच. मग क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने त्याची प्रत उरलेल्या १९ वर उतरवा. इथे दोन गोष्टी हमखास फसतात. एक, २४० जीबीच्या सगळ्या डिस्क काटेकोर सारख्या नसतात. मूळ डिस्क जराशी मोठी निघाली तर प्रत उतरत नाही, म्हणून मूळ संगणकावर शेवटचे ५-१० जीबी रिकामेच सोडा. दोन, प्रत उतरल्यावर प्रत्येक यंत्राचं नाव आणि मशीन-आयडी (लिनक्सनं यंत्राला दिलेला ओळख क्रमांक) बदला. नाहीतर वीसही यंत्रं नेटवर्कवर एकाच नावानं वावरतात आणि कुठे कुठे दोघांच्या वाट्याला एकच आयपी पत्ता येतो.

अपडेटसाठी एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी हा उतरवलेल्या अपडेट साठवून ठेवणारा प्रोग्राम ठेवा. पॅकेज (अपडेटची फाइल) नेटवरून एकदाच उतरतं, बाकीचे ते शेजाऱ्याकडून घेतात. शाळेचं नेट बेताचं असेल तर याचा फार उपयोग होतो.

कार्यालयातलं टॅली असलेलं यंत्र मात्र विंडोजवरच राहू द्या. सरल आणि शालार्थ ही सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये चालतात, टॅलीचं तसं नाही. ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर टॅली चालवण्याची खटपट होऊ शकते, पण फीचा हिशोब अशा खटपटीवर सोडू नये.

प्रश्न : दहा वर्षांचे निकाल आणि दाखले श्रीलिपी व डीव्हीबी-टीटी फाँटमध्ये आहेत. लिनक्सवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट बदलूनही तेच.
— कार्यालयीन लिपिक, भोर

उत्तर : फाँट बदलून हे सुटणार नाही, कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आहेत आणि जुना फाँट त्यांवर ‘क’, ‘ख’चे आकार चढवतो. ही गाठ बसली तीही पुण्यातच : श्रीलिपी इथल्या मॉड्युलर इन्फोटेकची आणि डीव्हीबी-टीटी सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे.

नुसतं बघायचं किंवा छापायचं असेल तर तुमच्याकडचे परवाना असलेले फाँट लिनक्सवर बसवा, काम भागेल. मजकूर पुढे वापरायचा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणावा लागेल. प्रत्येक फाँटकुळीचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा योग्य कुळी निवडा. नंतर नजरेनं तपासा : पहिली वेलांटी (जुन्या फाँटमध्ये ती व्यंजनाच्या आधी टंकलेली असते), रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’. विद्यार्थ्यांची नावं तर दोघांनी मिळून वाचावीत. मूळ फाइल पुसू नका.

नवं टंकन इनस्क्रिप्ट या कळफलकावर करा. ‘दऱ्या’तला ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ म्हणजे ‘ऱ’, मग ‘डी’ म्हणजे हलन्त, मग य आणि काना. साध्या ‘र’नं लिहिलंत तर ‘दर्या’ उमटेल, तो शब्दच वेगळा. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि भाषा इंग्रजीपासून वेगळ्या रकान्यात ठरवायच्या असतात. तिथे भाषा हिंदी राहिली तर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मराठी निवडा, शेंडीफोड ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ परत येतील.

प्रश्न : केरळच्या शाळांत लिनक्सवर जाणं जमलं, ते इतर सरकारांना का जमत नाही?
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : बऱ्याच ठिकाणी सरकारं प्रणाली बदलतात आणि परीक्षा तशीच ठेवतात. केरळात २००१ मध्ये आयटी@स्कूल सुरू झालं, आज ते काम ‘काइट’ ही संस्था बघते. तिथे दहावीच्या आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाच मुक्त सॉफ्टवेअरवर होते, पाठ्यपुस्तकं त्याच प्रणालीवरची आहेत आणि शिक्षकांचं प्रशिक्षण त्याच्या जोडीनं चालतं. शिक्षकाला मागे फिरायला कारणच उरत नाही.

थायलंडचं उदाहरण उलटं आहे. २००३ मध्ये सरकारी योजनेतले स्वस्त संगणक लिनक्स घालून विकायला निघाले, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तिथे विंडोज-ऑफिसची किंमत खूप खाली आणली. लोकांचा फायदा झाला, लिनक्सचा नाही. चीनच्या रेड फ्लॅग या लिनक्सचा गाजावाजा मोठा होता, पण ती कंपनी २०१४ मध्ये बंद पडली. तुर्कस्ताननं पार्दुस ही आपली लिनक्स शाळांतल्या स्मार्ट फळ्यांवर बसवली. वर्गात रोज हाताळली जाणारी वस्तू निवडली, हे मला शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ चं आहे. ते प्राधान्य द्यायला सांगतं आणि कारण देऊन सूटही देतं. ही सूटच बहुतेकांना सोयीची पडते.

प्रश्न : मग मिंटऐवजी आपली स्वदेशी ‘बॉस’ का नको?
— पालक, कोथरूड

उत्तर : चालेल. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी ‘बॉस’ घडली चेन्नई केंद्रात. ती डेबियन या लिनक्सवर बेतलेली असून शाळांसाठी ‘एज्युबॉस’ही आहे. अडलं तर उत्तर शोधायला मिंट-उबुंटूचा जमाव मोठा आहे, एवढ्यासाठीच वर मिंट सुचवली.

प्रश्न : प्रयोगशाळेतला कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर छापतच नाही. शिवाय दोन्ही प्रणाली ठेवलेल्या संगणकाचं घड्याळ विंडोजमध्ये साडेपाच तास मागे पडतं.
— संगणक शिक्षक, चिंचवड

उत्तर : हा प्रिंटर ‘कॅप्ट’ नावाच्या स्वतःच्याच पद्धतीनं बोलतो, आणि कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना असल्यानं नव्या आवृत्त्यांवर हटकून अडतो. तो कार्यालयाच्या विंडोजलाच जोडून ठेवा आणि पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाकून तिथून छापा. पुढचा घेताना ड्रायव्हरशिवाय छापणारा, एअरप्रिंट लिहिलेला बघा.

घड्याळाचं म्हणाल तर लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा. तारीखच कितीतरी वर्षं मागे जात असेल तर मात्र कारण वेगळं : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तेव्हा ब्राउझर सगळ्याच संकेतस्थळांना असुरक्षित म्हणतो आणि लोक उगीच नेटवाल्याला फोन लावतात.