विज्ञानशाळेचे साप्ताहिक वार्तापत्र कसे वाचावे आणि त्यातून काय निवडावे

आपला प्रश्न सविस्तर वाचला. मुलीला विज्ञानावर विशेष भर देणाऱ्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला आहे, दर आठवड्याला शाळेचे वार्तापत्र घरी येते आणि त्यात ऑलिंपियाड, प्रकल्प, रोबोटिक्स, आकाशनिरीक्षण, व्याख्याने अशी इतकी गर्दी असते की कशात नाव नोंदवावे हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. शिवाय इतर मुलांच्या पदकांच्या बातम्या वाचून आपली मुलगी पहिल्याच वर्षी मागे पडते आहे की काय, अशी धास्तीही वाटते. अशाच एका शाळेत मी बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यातील मोठा काळ वार्तापत्राचा मजकूर गोळा करण्याचे कामही माझ्याकडे होते. त्यामुळे त्या पानांत काय छापले जाते आणि काय छापायचे राहून जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की पहिल्या पानावरच्या बातम्या सर्वांत शेवटी वाचाव्यात आणि आतल्या पानांवर बारीक अक्षरांत दिलेले आठवड्याचे वेळापत्रक सर्वांत आधी वाचावे. ज्या ओळी दर आठवड्याला जशाच्या तशा छापल्या जातात, उदाहरणार्थ ‘बुधवारी शाळा सुटल्यानंतर खुली प्रयोगशाळा’ किंवा ‘शुक्रवारी गणित मंडळाची बैठक’, त्यांकडे पालकांचे लक्ष जात नाही, कारण त्यांत नवे काहीच नसते. मात्र अशा शाळेत मुलांची जी खरी घडण होते, तिचा मोठा भाग या नेहमीच्या बैठकांमधूनच होत असतो. पदक एका दिवशी मिळते, म्हणून त्याची बातमी होते. वर्षभर चाललेल्या कामाची बातमी करायची तर ती कोणत्या आठवड्यात छापावी, हा प्रश्न मलाही दरवेळी पडत असे.

खुल्या प्रयोगशाळेत नेमके काय चालते, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. दोन विद्यार्थिनी लंबकावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग किती झपाट्याने वाढतो ते, काढत होत्या. दोऱ्याची लांबी ३० सेंटिमीटर, वीस आंदोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर घेतलेला, आकडेमोड बिनचूक. तरीही उत्तर ९.८ च्या जागी ९.४ च्या आसपास येत होते. नेहमीच्या तासाला असे झाले असते, तर ‘प्रयोगातील त्रुटी’ असे लिहून वही मिटली असती, कारण पुढच्या वर्गाची मुले दाराशी येऊन उभी राहिलेली असतात. इथे वेळ होता. त्यांनी लांबी बदलून पुन्हा मापे घेतली, आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा) वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला आणि बिंदू एका सरळ रेषेत आले खरे, पण ती रेषा आरंभबिंदूतून जाईना. बराच वेळ आलेखाकडे पाहिल्यावर त्यांतील एकीच्या लक्षात आले की त्या दोघी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजत आहेत. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. गोळ्याची त्रिज्या १.२ सेंटिमीटर होती आणि रेषा आरंभबिंदूपासून नेमकी तेवढीच सरकलेली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेषेच्या चढावरून काढलेले गुरुत्वत्वरण मात्र बरोबर येत होते, कारण सर्व मापांत सारखीच राहिलेली चूक रेषेला सरकवते, तिचा चढ बदलत नाही. एकाच मापावर विसंबण्याऐवजी आलेख का काढायचा, हे त्या दोघींना त्या दुपारी जितके पक्के कळले तितके मी फळ्यापाशी उभा राहून कोणालाही समजावू शकलो नसतो. त्या आठवड्याच्या वार्तापत्रात या दुपारीबद्दल ‘खुली प्रयोगशाळा नेहमीप्रमाणे’ एवढेच छापले गेले.

आता आपल्याला धास्ती वाटते त्या ऑलिंपियाडकडे वळू. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रोमानियात सुरू झाले, तेव्हा त्यात ७ देश होते. पाठोपाठ १९६७ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि १९६८ मध्ये रसायनशास्त्राचे सुरू झाले. गणितात एका देशाचे जास्तीत जास्त ६ विद्यार्थी जातात. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि ३ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, अशी ती परीक्षा असते. साडेचार तासांत तीन प्रश्न, हे प्रमाण नीट ध्यानात घ्यावे. नेहमीच्या परीक्षेत वेगाने लिहिणाऱ्या मुलांचे निभावते. इथे दीड तास एका प्रश्नापुढे बसून, काही सुचत नसतानाही न उठण्याची सवय लागते, आणि ही सवय आदल्या महिन्यात शिकवणी लावून येत नाही. ती गणित मंडळाच्या बैठकीत लागते, जिथे एक प्रश्न फळ्यावर आठवडाभर तसाच राहतो आणि पुढच्या शुक्रवारी कोणीतरी त्याचे अर्धे उत्तर घेऊन येते. म्हणून मुलीला गणिताची गोडी असेल, तर तिचे नाव आधी मंडळात घालावे. निवडपरीक्षेचा विचार वर्षभराने केला तरी चालतो. भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात, तेव्हा केवळ गणिते सोडवून तयारी करणारी मुले तिथे अडतात. पुन्हा खुली प्रयोगशाळाच कामी येते.

पदकांच्या बातम्यांविषयी पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पदक मिळवणारा विद्यार्थी बहुधा वरच्या वर्गातला असतो आणि त्या मंडळात तो दोन-तीन वर्षे नियमाने बसलेला असतो. बातमीत त्याचा वर्ग छापतात, ती वर्षे छापत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलीची तुलना त्या बातमीशी करणे तिच्यावर अन्यायाचे आहे, आणि घरात ती तुलना बोलून दाखवली नाही तरी मुलांना ती कळते.

प्रकल्पांच्या बाबतीत मात्र मी आपल्याला घाई करायला सांगेन, कारण तिथे तारखा खरोखरच कडक असतात. विज्ञान-प्रकल्पांची जी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आयसेफ या नावाने ओळखली जाते आणि जिची सुरुवात १९५० मध्ये फिलाडेल्फियात झाली, तिच्या नियमांनुसार माणसांवर, पृष्ठवंशीय प्राण्यांवर किंवा घातक ठरू शकणाऱ्या सूक्ष्मजीवांवर करायच्या प्रयोगांना, प्रयोग सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. मैत्रिणींना प्रश्नावली भरायला देणे हेसुद्धा माणसांवरील संशोधनात मोडते. जिवाणू घरी वाढवायला तर पूर्ण बंदी आहे. ते काम योग्य सोयी असलेल्या प्रयोगशाळेतच करावे लागते. अनेक स्थानिक स्पर्धाही याच धर्तीवर चालतात. दरवर्षी एखादा उत्साही विद्यार्थी सुटीत उत्तम काम करून येतो आणि मंजुरीचा कागद आधी नव्हता एवढ्याच कारणाने त्याचा प्रकल्प बाद होतो. ते पाहताना फार वाईट वाटते, कारण कामात काहीच खोट नसते. वार्तापत्रात ‘प्रकल्प मंजुरीचे अर्ज’ अशी ओळ दिसली की ती तारीख त्याच दिवशी घरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. त्याबरोबर मुलीने नोंदवही सुरू करावी. पानांना क्रमांक द्यावेत, प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी, शाईने लिहावे आणि चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. परीक्षकांना फलकावरच्या रंगीत आलेखांपेक्षा ही वही बरेच काही सांगते. विषय तिचा तिने शोधावा. पालकांनी सुचवलेला भारदस्त विषय पहिल्याच उलटतपासणीत उघडा पडतो. ‘हेच माप का घेतले?’ या प्रश्नाला तिच्याजवळ स्वतःचे उत्तर असायला हवे.

रोबोटिक्सबद्दल आपण वेगळे विचारले आहे. हा उपक्रम चांगला आहे, पण स्पर्धेच्या आधीचे आठवडे तो मुलांची सगळी संध्याकाळ खातो; त्या वर्षी दुसरे काही मोठे हाती घेऊ नये, एवढेच सांगतो.

आकाशनिरीक्षणाची तारीख दर महिन्याला बदलते म्हणून आपण नाराजी व्यक्त केली आहे. ती तारीख चंद्राच्या कलेवरून ठरवावी लागते. अंधूक तारकागुच्छ आणि दीर्घिका पाहायच्या तर अमावास्येच्या आसपासची रात्र लागते. चंद्राची विवरे पाहायची तर शुक्ल अष्टमीच्या सुमारास जावे, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला चंद्र सुंदर दिसतो, पण दुर्बिणीतून सपाट वाटतो, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात सावल्याच उरत नाहीत. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून उशिरा सोडायला येणाऱ्या पालकांनी गाडीचे दिवे लांबच मालवावेत आणि मोबाइल खिशातच ठेवावा. ही सूचना मी वार्तापत्रात दर महिन्याला छापत असे.

वार्तापत्रातील दुसऱ्या काही ओळी पालकांना विज्ञानशाळेत अनावश्यक वाटतात. गायनवर्ग, नाटक, कवितावाचन, पायी सहल, विज्ञानकथा मंडळ. ‘हे काढून त्या जागी आणखी एक शिकवणीचा तास ठेवा’, अशी मागणी दरवर्षी होते आणि तिला माझा ठाम विरोध राहिला आहे. मॉस्कोमध्ये १९६३ मध्ये गणित-भौतिकशास्त्राची निवासी शाळा उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखा विसाव्या शतकातला थोर गणिती होता. ते स्वतः तिथे शिकवत, आणि गणिताच्या तासांखेरीज मुलांना संगीत ऐकवत, त्यांच्याशी साहित्यावर बोलत, त्यांना लांब पायी फिरायला नेत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स ही शाळा १९३८ मध्ये सुरू झाली. तिथून १९५० मध्ये एकाच वर्गातून बाहेर पडलेले स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना १९७९ मध्ये अब्दुस सलाम यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शाळेतले आम्ही मित्र भुयारी रेल्वेने जाता-येता एकमेकांना भौतिकशास्त्र शिकायला उद्युक्त करत होतो, असे ग्लॅशो यांनी लिहून ठेवले आहे. अशी मैत्री कोणत्या मंडळात, कोणत्या बाकावर जुळेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. ती जुळायला मोकळा वेळ लागतो, एवढे मात्र अनुभवाने सांगता येते. मुलीला विज्ञानकथा मंडळात जावेसे वाटत असेल, तर खुशाल जाऊ द्यावे.

पाहुण्यांच्या व्याख्यानांना मी सर्वांत कमी वजन देतो, एक गोष्ट सोडून. व्याख्यानानंतर वक्ते प्रश्नोत्तरांसाठी थांबणार असतील, तर तसे वार्तापत्रात छापलेले असते. अशा व्याख्यानाला तिने एक प्रश्न वहीत लिहून न्यावा आणि पुढच्या रांगेत बसावे.

आता संख्येचा प्रश्न. पहिल्या सत्रात नियमित बैठक असलेला एक उपक्रम आणि केवळ आवडीचा एक, याहून अधिक नको, असे मी सांगतो. या वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात आणि विज्ञानशाळेचा गृहपाठ मुळातच जड असतो. मंगळवारी प्रयोगाचा अहवाल, गुरुवारी चाचणी आणि शुक्रवारी रोबोटिक्सची सराव-फेरी, असा आठवडा आला की काट मारली जाते ती झोपेवरच. वार्तापत्र हाती आले की मुलीबरोबर बसून पुढच्या चार आठवड्यांच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात आणि कोणत्या आठवड्यात काय सोडायचे, हे तिलाच ठरवू द्यावे. एखादा उपक्रम सहा-सात आठवडे मनापासून करूनही तिला त्यात रस वाटत नसेल, तर मार्गदर्शक शिक्षकांना भेटून तो सोडायला हरकत नाही. मात्र रोबोटिक्ससारख्या गटाच्या कामातून स्पर्धेच्या तोंडावर बाहेर पडू नये, कारण तिच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडते.

आपल्या पत्रात आपण मुलीला काय आवडते ते कुठेच लिहिलेले नाही. तेवढे तिला विचारून कळवलेत, तर कोणत्या मंडळापासून सुरुवात करावी ते मला अधिक नेमके सांगता येईल. तोवर या आठवड्याच्या अंकात प्रकल्प मंजुरीची तारीख आणि प्रयोगशाळा-सुरक्षेच्या वर्गाची वेळ तेवढी पाहून ठेवावी. तो वर्ग पूर्ण केल्याशिवाय बहुतेक शाळा खुल्या प्रयोगशाळेत कोणालाच बसू देत नाहीत.