येशूला न मानणाऱ्या सज्जन माणसाचं तारण होत नाही का?

तुमचे दिवंगत आजोबा ख्रिस्ती नव्हते, पण आयुष्यभर नेकीने वागले. ते नरकात गेले असं कुणी तुम्हाला सांगितलं, आणि तसं असेल तर चांगलं वागून उपयोग काय, असं तुम्ही विचारता.

तारण, म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळचं सार्वकालिक जीवन, येशूमुळेच मिळतं, यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकमताच्या आहेत (योहान 14:6). वाद आहे तो पुढे: त्यासाठी माणसाला येशूची ओळख असायलाच हवी का?

कॅथलिक चर्चचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजातला परिच्छेद 16 सांगतो की स्वतःच्या दोषाविना ज्याला शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, कळलं नाही, पण जो मनापासून देवाचा शोध घेतो आणि कृपेच्या बळावर सद्सद्विवेकाप्रमाणे जगतो, त्याचं तारण होऊ शकतं. ‘होतंच’ असं मात्र तिथे म्हटलेलं नाही. लोक तोंडावर फेकतात ते ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियन यांचं. त्यांचा रोख चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्ती गटांवर होता, हे सहसा कुणी सांगत नाही. बोस्टनच्या लेनर्ड फीनी या धर्मगुरूंनी तेच सूत्र अगदी कठोर अर्थाने लावलं, तेव्हा 1949 मध्ये रोमनेच त्यांचा अर्थ नाकारला.

इव्हँजेलिकल, म्हणजे येशूवरच्या वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्या इथे कडक आहेत. त्यांचा 1974 चा जाहीरनामा, लोझान करार, म्हणतो, सृष्टीतून देवाची थोडी ओळख सर्वांनाच होते, पण तेवढ्याने तारण होत नाही. आधार बहुधा रोमकरांस पत्र 10:14 चा: ज्याच्याविषयी ऐकलंच नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार? पण त्याच पत्रातलं 2:14-16 वाचलं, जिथे नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणावर त्यातलं आचरण लिहिलेलं असतं असं म्हटलंय, की विषय इतका सरळ राहत नाही.

आता चांगल्या वागण्याचं. इफिसकरांस पत्र 2:8-9 मध्ये तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, असं आहे आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. दहावं वचन सांगतं की आपल्याला घडवलंच सत्कर्मांसाठी. ‘लुमेन जेन्शियम’चा परिच्छेद 14 तर सभासदांनाच बजावतो: चर्चमध्ये राहूनही जो प्रीतीत टिकत नाही, त्याचं तारण नाही. मत्तय 25:31-46 मध्ये न्यायाच्या वेळी विचारणा होते ती भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस यांच्याशी कसं वागलात याची. अर्थात, तिथले ‘माझे लहान बांधव’ म्हणजे फक्त शिष्य, असंही काही भाष्यकार मानतात. त्यामुळे सगळा डोलारा या एका उताऱ्यावर उभारू नका.

कोणत्याही नावानिशी व्यक्तीला कॅथलिक चर्चने आजवर नरकवासी घोषित केलेलं नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर आजोबांसाठी मिस्सा (चर्चमधली ख्रिस्तयागाची उपासना) अर्पण करायला सांगू शकता. चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) 901 नुसार ती कुणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी अर्पण करता येते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. तुम्ही तिथले असाल तर पाळकांना नेमकं विचारा: ज्यांनी शुभवर्तमान ऐकून नाकारलं आणि ज्यांच्यापर्यंत ते कधी नीट पोहोचलंच नाही, या दोघांत तुम्ही फरक करता का?