पाव किलो पाव

प्रश्न : लादीचा एक तुकडा म्हणजे पाव हिस्सा, म्हणून तो 'पाव'. कुणी म्हणतं, पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही रचलेलं. खायचा पाव गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला, नावही त्यांचंच, नाकातून उच्चारलेलं 'पाँव'. मूळ लॅटिन 'पानिस'. आपण नाकातला सूर सोडला. जपानी आणि सिंहलीत हाच शब्द 'पान' झाला. (विड्याचं नव्हे!)

मापाचा पाव संस्कृत 'पाद'मधून. पाद म्हणजे पाय. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्यावरून पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम, पावली म्हणजे चार आणे. पाद + ऊन म्हणजे पाऊण, सपाद म्हणजे सव्वा. थोडक्यात, पाय आहे खरा, पण तागडीतल्या पावात. बंगालीत फरक उघडच दिसतो : ब्रेडला पाउरुटी, पावशेराला पोआ.

प्रश्न : मग 'देव पावला' यातला पाव? आणि 'पावला लोणी लाव' बरोबर का? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : तो तिसराच. संस्कृत 'प्राप्'वरून आलेलं क्रियापद. 'मरण पावणे' आणि 'पावती' त्याच घरची. लिहिताना खायचा पाव अकारान्त पुल्लिंगी नाम धरा, म्हणजे पावाला, पावात, पावाचा. बोलण्यात मधला 'वा' आखडतो आणि तेच कागदावर उतरतं. मापाचा पाव विशेषण, तो हलत नाही : पाव किलोला, पाव चमच्यात. शंका आली तर जागी 'अर्धा' ठेवून पाहा. 'अर्धा किलो' जमतं, 'देव अर्धा' जमत नाही. 'पावली' मात्र फसवी. नाणं पावली, देवी पावली आणि 'आल्या पावली' यातलं पाऊल, तिन्ही एकाच रूपात.

प्रश्न : पोर्तुगीज शिकतोय. 'पाव' म्हटलं की वर्गात हशा पिकतो. – एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : अनुनासिक गाळलंत की पोर्तुगीजमध्ये काठी किंवा लाकूड होतं, बोलीत अश्लील अर्थही निघतो. स्वर 'आ'पेक्षा 'अ'कडे झुकता ठेवा, हवा तोंडाबरोबर नाकातूनही सोडा. शेवटी ओठ मिटले तर 'म' येतो, जीभ दातांमागे टेकली तर 'न', दोन्ही नकोत. नाक चिमटीत धरून म्हणा. आवाज कोंडला तर पाव, जसाच्या तसा राहिला तर काठी.